अंगणात बसणार कोण, हे आधी विचारणाऱ्या विजयाताई

विजयाताईंची आणि आमची ओळख झाली ती माझ्या फजितीने. धुळ्यात आमचं घर बांधून झालं होतं. जळगावहून बागेची आखणी करणाऱ्या ताई येणार म्हणून मी जय्यत तयारी केली होती. मोबाइलमध्ये परदेशी बागांचे फोटो, हिरवंगार लॉन, यजमानांच्या हौसेचं कारंजं! ताईंनी चहा घेतला, फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण ही तयारी नव्हे. मे महिन्यात सावली कुठे पडते, अंगणात रोज बसणार कोण, पाणी घालणार कोण, हे घरातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळं सांगायचं. तोवर मी कागदावर रेघ ओढणार नाही."

प्रत्येकाने म्हणजे आबांनीसुद्धा. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना आम्ही गावाहून आणलं होतं, पण त्यांचा जीव रमत नव्हता. "आखाजी झाली की मी जासू," म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाला की गावी परत, एवढंच म्हणत. गावी ते एकटे कसे राहणार, या काळजीने आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ताई पुन्हा आल्या, पुन्हा आल्या. आबांचं एकच, "माले काय इचारतस, ताई? घर पोरेसनं शे." यजमान वैतागले, "एका माणसासाठी किती अडून बसायचं?" ताई म्हणाल्या, "बसू की! मला कुठे गाडी पकडायची आहे?" आणि चहाचा कप घेऊन आबांशेजारी खुशाल बसल्या. शेवटी आबा फटकन बोलले, "वांगा भाजाले जागा कोठे शे?"

भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायची, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. ताई हसल्या नाहीत. हिवाळ्यात वारा कुठून येतो, धूर शेजारी जाईल का, पंगतीला माणसं किती, असं विचारत गेल्या. आबा उठले आणि काठीने जमिनीवर आखू लागले. बघता बघता माझं लॉन गेलं, कारंजं गेलं. कडुनिंब आला, कट्टा आला. मी मेली नुसती बघत राहिले!

आखाजी झाली. मी भीतभीत विचारलं, "आबा, एसटीचं बघायचं का?" हातातली नळी न सोडता ते म्हणाले, "मंग या झाडेसले पानी कोन टाकी?" मी आत जाऊन पोटभर रडले.

त्या बागेपायी मलाही रोपवाटिकेचा नाद लागला आणि तेव्हापासून मी ताईंच्या कामांना रोपं पुरवते. ताई फटकळ आहेत, हे गौरवलेखातही लिहायलाच हवं. मुलीच्या लग्नासाठी आठवड्यात बाग मागणाऱ्या भुसावळच्या एका शेठजींना त्यांनी सरळ मांडववाल्याचा नंबर दिला! पण कामावरच्या माणसांना भर उन्हात त्यांनी कधी राबवलं नाही. दुपारी सगळ्यांना सावलीत बसवायचं आणि आपला डबाही त्यांच्यातच उघडायचा, हा त्यांचा नेम आजही आहे.

विजयाताई, पंच्याहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांची एकच मागणी आहे. शंभरी गाठा, आणि ठणठणीत गाठा. अजून पुष्कळ घरांत कुणीतरी कोपऱ्यात गप्प बसलेलं आहे, आणि त्याला काय हवं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.