चेरीच्या सालीवरचं पॉलिश

चाकणच्या एका जपानी कंपनीत मी दुभाषी होते. तिथल्या एक वयस्कर जपानी बाई मायदेशी परतताना मला त्यांचा चहाचा डबा देऊन गेल्या. चेरीच्या झाडाच्या सालीचा, काळपट तांबूस, मुठीत मावेल एवढा. त्यांच्या आईने तो आयुष्यभर वापरला होता. "तेल, पाणी काही लावू नका. रोज हाताळा, चकाकी आपोआप येते," त्या म्हणाल्या. झाकण वर ठेवलं की ते स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत घट्ट बसायचं.

गेल्या दिवाळीत आम्ही माझ्या माहेरी गेलो, तेव्हा धायरीच्या फ्लॅटची किल्ली दिरांकडे होती. त्यांचं बिबवेवाडीत फर्निचरचं दुकान आहे. परत आले तर डबा ओट्यावर आरशासारखा चमकत होता. घासून, वर जाड पॉलिश चढवलेलं. आतल्या चहालाही रॉकेलसारखा वास. झाकण तर जोर लावून ओढल्याशिवाय निघेना.

मी लगेच फोन केला. "भाऊजी, डब्याला हात का लावलात?"

"वहिनी, किती मळकट झाला होता तो. म्हटलं, तुम्हाला सरप्राइज द्यावं."

"तो मळ नव्हता. आणि विचारायला काय झालं होतं?"

"चांगलं करायला गेलं तर हे असं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग घरभर एकच सूर. नवरा म्हणाला, "अगं, त्याचा हेतू चांगला होता." सासूबाई म्हणाल्या, "एका डब्यापायी दिराला दुखवलंस." डबा कुणाचा होता, हे कुणी विचारेना. मी माफी मागावी, अशी सगळ्यांची अपेक्षा. मी मागितली नाही.

पुढे एका लग्नात दीर गिऱ्हाइकाला मोबाइलवर काहीतरी दाखवत होते. पाहिलं तर माझाच डबा, पॉलिशच्या आधी आणि नंतर. वर "जपानी कामही करतो आपण," असं सांगणं चाललेलं.

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हे फोटो आत्ता काढून टाका."

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत."

त्यांनी फोटो काढून टाकले. त्या दिवसापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. चहा मी आता स्टीलच्या डब्यात ठेवते, आणि त्या बाईंना काय कळवायचं, ते अजून सुचलेलं नाही.