बराबर लिही

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकं होती. अण्णा हिंगोलीतल्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, ओळ बांधायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि सभा-मोर्च्यांची पत्रकं असं काम असायचं. हुंडा देऊ नका. अंगारे-धुपारे करू नका. पोरींना शिकवा. एका बाजूनं छापून वाया गेलेली गुलाबी, पिवळी पत्रकं ते घरी आणत आणि कोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणी अभ्यास करायचो. मी बाराखडी गिरवली ती एका मोर्च्याच्या पाठीवर. माझ्या लिहिण्यात आजही घोषणा घुसतात, त्याचं कारण हेच असावं.

अण्णांचा एकच विश्वास होता. तोंडी सांगितलेलं खोटं असू शकतं, छापलेलं नाही. गल्लीतली एखादी बाई औंढ्याहून अंगारा घेऊन आली तर ते दारातच म्हणायचे, "कुठं छापून आलंय का, ह्यानं ताप जातो म्हनून? न्हाई ना? मंग ठिवा तुमच्याजवळ."

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती नववीत गेली तेव्हा वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा लावावा. चिठ्ठी हाताने लिहिलेली होती. छापलेली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

माय चिठ्ठी ऐकूनच खाली बसली. "पोरीच्या तोंडावर चष्मा? कोन करील हिला?"

"लग्नाचं काहून काढून राहिलीस?" अण्णा ओरडले. पण चष्म्याचं त्यांनीही काही काढलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एक गृहस्थ छापखान्यात पत्रक घेऊन आला. तो गावोगाव त्रिफळ्याचं चूर्ण विकायचा. पत्रकाचं नाव होतं 'चष्म्याला रामराम'. अण्णांनी ते स्वतःच्या हातांनी जुळवलं. संध्याकाळी ओल्या शाईचा एक कागद घेऊन ते घरी आले आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. सुरुवात अशी होती की ही कुठल्याही बुवाची भोंदूगिरी नाही, ही वैज्ञानिक पद्धत आहे. चष्मा ही डोळ्यांची कुबडी आहे, ती एकदा घेतली की जन्मभर सुटत नाही.

अण्णा तिथंच थांबले आणि ते वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. कुबडी हा शब्द त्यांना लागला. कुणाच्या कुबडीवर चालायचं नाही, हे आम्हाला दूध पाजावं तसं त्यांनी पाजलं होतं. आणि वैज्ञानिक हा शब्द तर आमच्या घरात देवाच्या जागीच बसला होता. ज्या माणसाला अंगारा फसवू शकला नाही, त्याला त्या एका शब्दानं फसवलं. आमच्यासारख्या घरांना फसवायचं तर असंच फसवता येतं, हे त्या चूर्णवाल्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्याच्यावर माझा राग अजून आहे.

अक्का मात्र नाव ऐकून फिसकन हसली. "अण्णा, आपल्या घरात रामराम कवापासून घालायला लागलो?"

"नावावर जाऊ नको. आतलं वाच."

"तुमच्या नाकावर काय हाय मंग? ती कुबडी न्हाई व्हय?"

अण्णांनी चाळीशी काढून हातात घेतली. "माझं वय झालं. तुझे डोळे कोवळे हायेत, सुधरतेत. इथं लिव्हलंय."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. उगवतीला तोंड करून डोळे मिटून बसायचं. तळहात चोळून गरम करायचे आणि डोळ्यांवर ठेवायचे. आधी अंगठ्याकडे, मग लांबच्या कडुलिंबाकडे, पुन्हा अंगठ्याकडे पाहायचं. रात्री भिजवलेल्या त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायचे. हे सगळं अक्कानं हसतखेळत केलं. गल्लीतल्या पोरी कुंपणाशी उभ्या राहून म्हणायच्या, "काय गं, अंगठ्याला काय सांगून राहिलीस?" ती म्हणायची, "पुसून राहिले, तू मोठा का झाड मोठं."

पण शेवटचं कलम वेगळं होतं. सुधारणा दिसेपर्यंत बारीक अक्षरांचं वाचन पूर्ण बंद.

अण्णांनी तिची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवली. शाळेत जायचं, ऐकायचं, घरी वाचायचं नाही. अक्काला डी.एड. करायचं होतं. बाई व्हायचं होतं. आमच्या गल्लीतली एकही पोरगी तोवर बाई झाली नव्हती. ती पेटीसमोर बसली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांना चष्मा हाय."

फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांवर गोल काचांचा चष्मा होता आणि हातात जाड पुस्तक. आमचं सगळं घर त्या फोटोखाली वाढलं.

"त्यांनी तेवढं वाचलं म्हनून लागला," अण्णा म्हणाले.

"मंग मलाबी तेवढंच वाचायचं हाय."

उत्तर न सुचणारा बाप शांत होत नाही, हट्टाला पेटतो. पेटी बंदच राहिली.

पत्रकात असंही लिहिलं होतं की रोज नोंद ठेवावी. ते काम माझ्याकडे आलं. मी चौथीत होते, अक्षर चांगलं होतं आणि खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती होती. संध्याकाळी आम्ही दोघी औंढ्याच्या रस्त्याला एका ठरलेल्या दगडाजवळ उभ्या राहायचो. लाल गाडी वळणावरून आली की अक्कानं पाटी वाचायची. गाडी जवळ आली की मी खरी पाटी बघायची आणि त्याच चष्म्याच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं, बराबर किंवा चूक.

पहिला महिना नुसतं चूक, चूक, चूक. मग एका आठवड्यात अक्का सुधारली. "औंढा." बराबर. "परभणी." बराबर. "वसमत." बराबर. मी कागद घेऊन धावत घरी जायचे. अण्णांनी तो कागद छापखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि पुस्तकं तिच्या मांडीवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नंतर फार वेळा पाहिला नाही.

मला खरं कळलं ते पावसाळा संपता संपता. रोजच्या वेळेला गाडी आली. अक्का म्हणाली, "परभणी." गाडी जवळ आली, पाटी होती जिंतूर. त्या दिवशी बहुधा परभणीची गाडी बिघडली होती आणि तिच्या आधी दुसरीच आली होती.

"अक्का, जिंतूर हाय."

ती धूळ खाली बसेपर्यंत थांबली. मग तिनं मला सांगितलं. पाटी तिला कधीच दिसली नव्हती. औंढ्याच्या गाडीचा पत्रा खडखडायचा. परभणीची दिवे लागायच्या आत यायची. वसमतचा ड्रायव्हर वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा. पहिला महिनाभर चूक ऐकता ऐकता तिनं गाड्या कानांनी पाठ केल्या होत्या.

"काहून पन?"

"पुस्तकं पायजेत म्हनून." माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे ती बघत होती. "लिही ना. बराबर लिही."

मी लिहिलं. बराबर. माझ्या आयुष्यातली ती पहिली खोटी नोंद. तेव्हा मला वाटलं, मी अक्काला वाचवलं.

वाचवलं नव्हतं, कोंडलं होतं. पुस्तकं मिळाली, पण आता चष्मा मागायचं तोंड उरलं नाही. मागितला असता तर माझे सगळे कागद खोटे ठरले असते आणि पुस्तकं परत पेटीत गेली असती. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनंच सांगितलं, "आता दिसतंय बाई, उपाय चालू हाय." अण्णा तर येईल-जाईल त्याला सांगत, "बिनचष्म्याचं सुधारलं आमच्या पोरीचं." ती समोर उभी राहून मान हलवायची.

पुस्तक डोळ्यांजवळ धरलं की तिला चांगलं दिसायचं. मराठी, इतिहास, शास्त्र तिनं घरी वाचून काढलं. बीजगणित तिला फळ्यावरूनच शिकावं लागत होतं. तिची दहावीची वही माझ्याजवळ आहे. अक्षर देखणं, समास सरळ, आणि पानामागून पान गणितं चुकलेली. मी स्वतः दहावीत गेले तेव्हा ती वही उघडून बसले आणि मला त्यातली चूक सापडली. वहीत उणे नव्हतं. खडूनं मारलेली ती एवढीशी आडवी रेघ तिसऱ्या बाकावरून तिला दिसतच नव्हती. अधिकच्या खुणेचं तिला अंधुकसं काही दिसायचं, उणेच्या जागी फळा काळाच. बाईंची पायरी आणि वहीतली पायरी जुळेना, म्हणून ती उत्तरं पाठ करत होती. गाड्या पाठ केल्या तशीच.

ती बीजगणितात गेली, दहावी नापास. ऑक्टोबरात पुन्हा बसली, पुन्हा गेली. "डोळ्याचं कारन न्हाई," अण्णा म्हणाले, "डोळे तर सुधारलेत. ध्यान न्हाई पोरीचं." अक्का चुलीपुढं बसून पीठ मळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बोलायला हवं होतं. दहा-अकरा वर्षांची होते, ही सबब मी स्वतःला देत नाही. पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवण्याएवढी मोठी मी तेव्हा होते.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. वारंगा फाट्यावर तिच्या सासरच्यांचं चहा-नाष्ट्याचं दुकान होतं. बघायला आले तेव्हा चष्मा नाही हे त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं. पोरीच्या तोंडावर काच नको, तिला दिसो न दिसो. ज्यांनी हा नियम केला त्यांच्याविरुद्ध मी पुढे पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यातलं एकही तिच्या वेळेला छापलेलं नव्हतं.

अकरावीत मलाही लांबचं अंधुक दिसू लागलं. मी घाबरत घाबरत सांगितलं. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी मला बाजारात नेलं आणि डोळे तपासून घेतले. चार दिवसांनी चष्मा आणून माझ्या पुस्तकावर ठेवला आणि बाहेर निघून गेले. त्या पत्रकाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मला शंका आहे की माझे कागद खोटे होते, हे त्यांना कळलं होतं.

अक्काचा चष्मा यायला दोन हजारचं दशक अर्ध्यावर यावं लागलं. दुकानाच्या गल्ल्यापासून तिला रस्त्यापलीकडचं माणूस ओळखू यायचं नाही, आवाजावरून ओळखायची. तिच्या लेकीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच हिंगोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा लावल्या आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "दोन्ही डोळे मायनस साडेचार."

"मायनस म्हंजी?" तिनं विचारलं. "उणे?"

"हो, उणे."

अक्का हसायला लागली. डॉक्टर बघत राहिले. "इथं होतं व्हय हे," ती मला म्हणाली, "शाळंत लई हुडकलं गं म्या." हसता हसता तिचा आवाज फाटला आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

चष्मा हातात आला त्या दिवशी आम्ही बसस्टँडवर गेलो. फलाटावरच्या सगळ्या पाट्या तिनं मोठ्यानं वाचल्या. कळमनुरी. सेनगाव. जिंतूर. वसमत. नंतर समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या, थुंकू नये तेही वाचलं. तिला थांबवताच येईना. मला मात्र तिचं वय दिसत होतं. डी.एड. झाली असती तर आता तिच्या हातून कितीतरी वर्ग बाहेर पडले असते.

तिथून आम्ही घरी गेलो. अण्णांचा छापखाना तोवर बंद पडला होता. संगणक आला, खिळे भंगारात गेले. ते दारात खाटेवर बसले होते. अक्का अंगणातून येताना मधेच थांबली आणि तिथूनच त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या लांबून तिनं त्यांचा चेहरा याआधी पाहिला नव्हता.

"चष्मा लागला व्हय?" अण्णांनी विचारलं.

"आत्ताशी लागला, अण्णा. धुरात बसून बसून. आधी चांगले होते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीशीमागचे त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले होते, का म्हातारपणानं, मला सांगता येणार नाही. "तूच लिहून ठिवायचीस ना गं?"

त्यांना काय ऐकायचं होतं? मी असल्या प्रश्नांना न घाबरणारी पोरगी. खोटं छापणाऱ्यांची नावं घेऊन मी भर चौकात बोलले आहे. खरं सांगायची हीच वेळ होती. अक्का खाटेच्या पायाशी बसली आणि तिनं माझ्या पायाला हळूच बोट लावलं, दगडाजवळ पेन्सिलीकडे पाहिलं होतं तसंच.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "बराबर होतं."