दातात दोरा धरून जपानी

साठी उलटल्यावर पार्लरवाल्या मावशींनी जपानी शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकांना हसू फुटलं. फुटणारच. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कधी बसचं तिकीट दूरचं काढलं नाही, तिला ही कसली अवदसा आठवली? पण मावशींचा स्वभाव असा, की लोक हसले की त्यांना जास्तच चेव यायचा. त्यांचं पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. भुवया कोराव्यात त्या मावशींनीच, असं त्या गल्लीतल्या बायकांचं ठाम मत होतं.

या सगळ्याचं कारण होतं धाकटी, म्हणजे मावशींची बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा मावशींनीच तिला लहानाची मोठी केली. पुढं ती जपानात एका वृद्धाश्रमात कामाला गेली ती तिथलीच झाली. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ताई, दोन महिने येशील का, तिकीट मी काढते, असं तिनं फोनवर विचारलं आणि लगेच, नाही जमलं तरी चालेल हं, असं शेपूटही जोडलं. ही तिची जुनीच खोड. ताईनं आपल्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या, आता तिच्या जिवाला घोर नको, म्हणून ही बया अंगात ताप असला तरी फोनवर खिदळायची. मावशी तडकाफडकी हो म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर विचार करू लागल्या. धाकटी अंथरुणावर असणार, म्हणजे दुकानात, औषधवाल्याकडे, शेजारीपाजारी जायचं ते आपणच. आणि आपलं तर तिथं तोंड शिवलेलं.

मग बेत ठरला. सकाळी केर काढताना नडीअडीचे शब्द घोकायचे: पाणी, औषध, दुखतंय, कितीला, मला समजत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा अक्षरं. ती मावशी एका मोडक्या लिपस्टिकनं आरशावर लिहायच्या आणि कुणी आलं की घाईघाईनं पुसायच्या. संध्याकाळी फोनवर एक जपानी मालिका, निव्वळ करमणुकीसाठी. नुसत्या नडीच्या शब्दांवर माणूस किती दिवस काढणार, हा त्यांचा हिशेब, आणि माझ्या मते तो अगदी बरोबर होता.

मालिका लॉन्ड्री चालवणाऱ्या एका जोडप्याची होती आणि मावशींना तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये त्या कालचा भाग रंगवून सांगायच्या. एका माणसाला तर त्या बाईचा खाष्ट दीर समजून सगळ्या बाकानं आठवडाभर शिव्या घातल्या, आणि तो निघाला तिचा सख्खा भाऊ. बायकांनी मग आपापल्या शिव्या निमूटपणे परत घेतल्या.

शब्द मात्र टिकेनात. सकाळी घोकलेले दुपारी गायब. पाणी म्हणायला जावं तर तोंडात औषध यायचं. मावशींनी हाय खाल्ली. आपण तिकडं जाऊन धाकटीच्या गळ्यात आणखी एक लोढणं होणार, या विचारानं त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

पण मालिकेतल्या एका गोष्टीपाशी त्या पुन्हा पुन्हा थांबायच्या. तिथं एकजण बोलायला लागला की दुसरा नुसता बघत बसत नाही. मधेमधे "हाइ", "एऽ", "उन्", "सोऽ देस् का", म्हणजे आपलं हो, अगंबाई, हं, असं होय, असं काहीबाही घालत राहतो. हे मावशींनी लगेच ओळखलं. हा तर त्यांचा धंदाच होता. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, त्यामुळे कोरणारीला बोलायची सोयच नाही. खुर्चीतली बाई डोळे मिटून सासू, नवरा, साहेब सगळं ओकून मोकळी होते आणि मावशी दातातल्या दातात हुंकार देत राहतात. मावशींनी मग घोकंपट्टीला रजा दिली आणि जपानी हुंकार गिरवायला घेतले. दोरा दातात असताना लांबलचक "एऽ", दोरा सुटला की "सोऽ देस् का". बायका आधी दचकल्या, मग आमचंही जपानीत ऐका म्हणून मागे लागल्या.

एका रविवारी दुपारी पार्लर बंद असताना धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. मावशींनी सगळं सांगून टाकलं. शब्द काही डोक्यात राहत नाहीत, नुसते हुंकार येतात. धाकटी पोट धरून हसली. बरं, मग परीक्षा घेते, म्हणाली. मी तुझी शेजारीण, तू ऐक. आणि हातवारे करत नाटकी आवाजात तिनं जपानी सुरू केलं.

मावशी "हाइ" म्हणाल्या. मग "सोऽ देस् का". शेजारीण रंगात आली. आणि बोलता बोलता कधीतरी शेजारणीचा आवाज गेला आणि धाकटीचा आला. ती आता फोनकडे बघत नव्हती. मावशींना एक शब्द कळत नव्हता, पण खुर्चीतली बाई गप्पा सोडून खरं बोलायला लागली की तिचा श्वास कसा बदलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हळूच "उन्" म्हटलं. धाकटी बोलत राहिली. तिचा हात एकदाही गुडघ्याकडे गेला नाही. तो सारखा छातीकडे जात होता आणि तिथंच थबकत होता. पोरगी परक्या भाषेत का बोलते आहे, ते मावशींना लख्ख उमगलं. आपल्या भाषेत सांगितलं असतं, तर ताईला कळलं असतं. त्यांना भडभडून आलं. ते गिळून त्या पुन्हा "उन्" म्हणाल्या, धाकटीचं सगळं बोलून होईपर्यंत म्हणत राहिल्या.

धाकटीनं डोळे पुसले. "पास झालीस बघ. काही कळलं का?"

"शब्द एकही नाही," मावशी म्हणाल्या. "ऑपरेशन गुडघ्याचं नाहीये ना?"

धाकटीनं नेहमीसारखं हसायला तोंड उघडलं. पण हसू काही येईना. मग तिनं नुसतीच नकारार्थी मान हलवली.

"मग दोन महिन्यांचं तिकीट कशाला काढतेस?" मावशी म्हणाल्या. "येण्याचं तेवढं काढ, आणि लवकरचं काढ. परतीचं तू बरी झालीस की बघू."