चिंचेनं घासलेली वाटी

चकचकीत पितळ पाहिलं की मला अजून शिसारी येते.

चाळीसच्या दशकात मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. काचेच्या नळीतली हवा पंपानं उपसायची, आत इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि तो किती आहे ते मोजायचं, हे माझं वेड. त्यासाठी नळीच्या टोकाशी मी पितळेची खोल वाटी बसवली होती. झोत वाटीत शिरला की मीटरचा काटा हले. चकचकीत धातूवरून कण उसळून बाहेर पडतात आणि आकडा कमी भरतो, म्हणून वाटी आतून चिमणीच्या काजळीनं काळी करायची. एवढं कळायला मला वर्ष लागलं होतं.

कलकत्त्याला तेव्हा कणांना वेग देणारं मोठं यंत्र उभं राहत होतं. तिथला झोत मोजायला माणूस हवा होता, म्हणून तिथले एक शास्त्रज्ञ माझी वाटी बघायला येणार होते. मी पत्रानं कळवलेला आकडा त्यांच्यासमोर आला की माझी निवड पक्की.

त्या दिवशी सकाळी ताजी काजळी धरून वाटी टेबलावर ठेवली आणि जेवायला गेलो. परत येतो तर पंप सुरू, आणि नळीत वाटी लखलखतेय! शिपाई खुशीत. "आवं मास्तर, सायबांनीच सांगितलं चिंच लावून घासाय. लय काळी झालती बगा. मग त्यांनीच नळीत बसवून पंप चालू केला."

साहेब म्हणजे आमचे प्रोफेसर. म्हणाले, "पाहुण्यांपुढे काळं भांडं ठेवायचं? कॉलेजची काही अब्रू आहे की नाही?"

अब्रू! डोंबलाची अब्रू तुमची! तळपायाची आग मस्तकात गेली. पण नळी पुन्हा उघडून हवा उपसायला दीड-दोन तास लागले असते, आणि पाहुण्यांचा टांगा फाटकात आला होता.

काटा चाळिसावर जायला हवा होता, तो सव्विसावर अडकला. प्रोफेसर कानाशी लागून पुटपुटले, "कळवलेलाच सांग." तोंडाला तंबाखूचा वास. शी! असला माणूस विज्ञान शिकवतो, असं मनात आलं, आणि त्याच दमात मी मोठ्यानं म्हणालो, "चाळीस."

पाहुण्यांनी वाकून काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर आकडा वहीत उतरवला, पाठ थोपटली. "या तुम्ही कलकत्त्याला."

साताऱ्याला वडिलांनी, पलटणीतून पेन्शनीत आलेल्या माणसानं, गल्लीभर कंदी पेढे वाटले. "पोरानं नाव काढलं!" म्हणत एक माझ्या तोंडात घातला. मी परसात जाऊन तो थुंकून टाकला.