गाळलेला राजा

आप्पांच्या हातावर कुणी नाणं ठेवलं की ते आधी अंगठ्यानं त्याची छाप चाचपायचे, मग उजेडाकडं तिरपं धरायचे आणि पुटपुटायचे, "आदी तोंड बघावं." आता आपल्या नाण्यावर कसलं आलंय तोंड? सिंह आहेत. पण आप्पा त्या सिंहांनाही न्याहाळल्याशिवाय खिशात जागा देत नसत. बाजारातल्या भाजीवाल्या म्हणायच्या, "आप्पा, खरं हाय वो, ठेवा की आता!" तुमच्याही गल्लीत असा एखादा म्हातारा असेल. आपण हसतो आणि पुढं जातो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

आप्पा विट्यात माझे शेजारी. आयुष्यभर गलाई केलेली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचा धंदा. पाऊस कायमच रुसलेला, म्हणून आमच्या भागातली घरंच्या घरं सोनं वितळवायची मूस आणि चिमटे घेऊन देशभर पांगली. आप्पा मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत गेले आणि भट्टीचा उजेड डोळ्यांना सोसेना तेव्हा दुकान मुलाच्या हवाली करून परत आले. तमिळ झकास बोलायचे, पण फक्त सोन्याबद्दल. जेवणाबद्दल काही विचारलं की गडी मराठीत यायचा.

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. एका रविवारी ओसरीवर लॅपटॉप घेऊन मुलांसाठी पाँपेईची चित्रं जमवत बसलो होतो. पाँपेई हे इटलीतलं जुनं रोमन शहर. डोंगरातून ज्वालामुखी फुटला आणि चालतंबोलतं गाव राखेखाली गेलं. दीड हजारांहून जास्त वर्षांनी लोक खणायला लागले, तर भट्टीतले पाव तसेच, दगडी रस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या तशाच. आप्पा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले.

माणसांची चित्रं आली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. मी सांगितलं, की राखेत माणसं कुजून गेली आणि त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. खणणाऱ्यांनी त्या पोकळीत प्लास्टर ओतलं, म्हणून आज ती झोपलेली, तोंड झाकून बसलेली माणसं दिसतात.

"वतकाम हाय म्हणा की," आप्पा खुशीत येऊन म्हणाले. आपल्या धंद्यातला कुणी भेटावा तसे.

पुढचं चित्र नाण्याचं होतं. त्या शहरात सापडलेलं सोन्याचं नाणं. त्यावर जाड मानेचा, कुरळ्या केसांचा एक सम्राट. आप्पा वाकले, अगदी नाक पडद्याला लागेपर्यंत. मग म्हणाले, "सर, ह्याला म्या गाळलाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते पडद्यावरच अंगठ्यानं छाप चाचपत होते.

झालं होतं ते असं. दुकान नवं असताना एक माणूस कापडात बांधून नाणी घेऊन आला. मूठभर नाणी, सगळी सोन्याची, सगळ्यांवर ही जाड मान. आप्पांनी वजन केलं, मुशीत घातली आणि लगड करून दिली. कुठली, कुणाची, विचारलं नाही. गलाईत विचारतच नाहीत. विचारणाऱ्याच्या दुकानात पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही, हे पोरवयातच शिकवलेलं असतं. आप्पांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की शेवटचं नाणं वितळताना तो राजा मुशीतून त्यांच्याकडं बघत होता.

"कोन आसंल, कोन आसंल, म्हून जल्म गेला. आज तुमी दावला."

रोमची जहाजं मिरी न्यायला आपल्या किनाऱ्याला यायची आणि सोनं मोजून जायची, हे मी त्यांना सांगितलं. आणि उत्साहाच्या भरात आणखी एक चित्र दाखवलं. ते दाखवायला नको होतं. पाँपेईच्या राखेत हस्तिदंताची एक छोटी बाई सापडली आहे, दागिन्यांनी मढलेली, आपल्या देशात कोरलेली. काही अभ्यासकांना तर ती आपल्या दख्खनकडची वाटते.

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. "बघा, त्यास्नी आपली बाई जपली. आन आमी त्यांचा राजा गाळला."

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. ती नाणी होती, एवढं तरी कुठंतरी नोंदलं जावं. मरायच्या आत व्हावं. "म्या कबूल करतोय न्हवं? मग घ्या की ल्हून," म्हणायचे. शेवटी त्यांना घेऊन साताऱ्याला गेलो. तिथं माझ्या ओळखीचे एक नाण्यांचे जाणकार राहतात. सज्जन माणूस. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "एखादं नाणं उरलंय का?"

"न्हाई."

"फोटो? ठसा? आणणाऱ्याचं नाव?"

"आमच्यात नाव इचारत न्हाईत, साहेब."

"मग आजोबा, मी काय लिहू?" ते फार हळू आवाजात म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. मी पुस्तकांच्या कपाटाकडं बघत बसलो. एवढं शिकून आपण काय उपयोगाचे, असं मला क्वचितच इतकं वाटलं असेल.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले. कराड मागं पडल्यावर म्हणाले, "त्या गावात पोकळी तरी ऱ्हायली हुती, सर. आमच्या मुशीत पोकळीबी ऱ्हात न्हाई. काम चोख झालं, त्येच वंगाळ झालं."

मग त्यांनी शाडू आणला. रोज सकाळी अंगणात बसून आठवणीतून तो राजा घडवायचे. मान जमायची, तोंड जमायचं नाही. त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, भाकरी थापता थापता ओरडायच्या, "आवं, ह्यो तर माजा भाऊ दिसतुया!" आम्ही हसायचो, आप्पाही हसायचे, आणि गोळा मोडून पुन्हा भिजवायचे. मी मोबाइलवर फोटो दाखवला तर मान हलवायचे. त्यांना माझ्या फोटोतला नको होता, मुशीतला हवा होता. तो कुणाकडं नव्हता.

या उन्हाळ्यात आप्पा गेले. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. आपल्याकडच्या रीतीनं सुनेनं तुळशीच्या पानासोबत सोन्याचा एक मणी त्यांच्या तोंडात ठेवला. मी शेजारीच उभा होतो आणि मला आठवलं, की ते रोमन लोकही मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवत. पाँपेईच्या वेशीबाहेर त्यांच्या थडग्यांतही नाणी मिळाली आहेत. आप्पांना हे किती आवडलं असतं! इतक्या गप्पा झाल्या आणि नेमकं हे सांगायचं राहिलं.

सावडायला आम्ही येरळा नदीच्या काठी गेलो. मुलगाही गलाईवालाच, तमिळनाडूतून आलेला. राखेत सोनं शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची बोटं राखेत गेली की आपोआप चाळायला लागतात. ती एका जागी थांबली. तळहातावर काळा पडलेला एवढासा मणी. भोवतीचे सगळे भट्टीवरचेच लोक पुढं वाकले.

"सर, आप्पा सारखं तुमच्याकडं बसायचं," तो म्हणाला. "ह्याचं काय करू, सांगा."

"राहू दे त्यातच," मी म्हणालो. "हे तरी गाळलं जायला नको."

त्यानं मूठ मिटली, बराच वेळ उघडली नाही. मग मणी राखेत परत ठेवला आणि आम्ही ती राख नदीत सोडली. येरळेला जेमतेम घोटाभर पाणी होतं. राख वाहत गेली, आणि मणी कुठं बसला ते आम्हा कुणालाच दिसलं नाही.