साहेबांचा फोटो

जानेवारीतला दुसरा शनिवार. पनवेलच्या एका शाळेत शिक्षकांना व्हायरल फोटो तपासायला शिकवायचं माझं काम होतं. फोटो गूगलवर टाकून तो आधी कुठे आलाय ते बघायचं. हे सगळ्यांना जमलं. जेवणाआधीच.

तेवढ्यात हॉलभर मोबाइल वाजले. केंद्रप्रमुखांचा मेसेज. हे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. 'मुलं पळवणारी बाई परिसरात फिरत आहे. फोटो सर्व पालक ग्रुपवर त्वरित टाका. टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवा.'

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बोटं चालायला लागली.

"अहो, थांबा! आत्ता काय शिकलात?" मी ओरडले.

पाटील सर हसले. "मॅडम, तो ट्रेनिंगचा फोटो होता. हा सायबांचा हाय. आमी काय सायबांना तपासायचं?"

हॉल हसला. स्क्रीनशॉट जात राहिले.

आपटा गावाजवळच्या शाळेतल्या गावंड मॅडमनी टाकून झाल्यावर फोटो उघडला. "अगं बाई, ही तर आमच्या वाडीवरची सुमन! हिची सई माझ्या चौथीत आहे."

मी साहेबांना फोन लावून सांगितलं, ही आपल्याच एका मुलीची आई आहे.

"मलाही वरून आलाय, मॅडम."

"वरून म्हणजे कुठून?"

"ग्रुपवरून."

"मग खुलासा टाका."

"उगाच पॅनिक होईल. ट्रेनिंगचे फोटो तेवढे पाठवा."

तोवर कोन गावच्या नाक्यावर लोकांनी सुमनला धरलं होतं. तिच्या गोणीत मुलं शोधली. करांदे निघाले, रानातले कंद. तरी मारलं. पोलिसांनी सोडवलं.

रविवारी सकाळी मी गावंड मॅडमना घेऊन वाडीवर गेले. सुमन बँडेज बांधलेल्या हाताने टेम्पोत भांडी चढवत होती. वाडीवरचे बाकीचे दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेले होते. सईच्या शाळेसाठी ती एकटी मागे राहिली होती, करांदे विकून भागवत होती.

"सईला तरी ठेव गं," मॅडम म्हणाल्या.

"कुनाकडं ठेवू, बाई? भट्टीवर मारत्यात, पन वळखून मारत्यात."

सई टेम्पोत बसली होती. तिने गावंड मॅडमना "गुड मॉर्निंग" म्हटलं.

मी मॅडमना म्हणाले, "पालक ग्रुपवर लिहा. ही सईची आई आहे, बातमी खोटी आहे."

त्यांनी मोबाइल काढला. लिहिलं. अंगठा तसाच राहिला.

"आधी साहेबांना विचारते हं."

खोटं टाकताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं. खऱ्याला परवानगी लागत होती. हे माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

साहेबांचा फोन लागेपर्यंत टेम्पो निघाला. मी घरी येऊन सोमवारच्या बॅचसाठी प्रोजेक्टरची वायर बॅगेत भरली.