बारा, सात, चार

आमच्या शाळेतले गणिताचे सर खुर्चीत स्वस्थ बसलेले मी आजवर दोनदाच पाहिलेत. एकदा दाढ काढून आले होते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा सहामाहीच्या पेपरच्या दिवशी. एरवी पायाला भिंगरी. पोरं त्यांना भिंगरी सरच म्हणतात. त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून मीही म्हणायचो. आता त्याच शाळेत गणित शिकवतो, म्हणून मनातल्या मनात म्हणतो.

चहा ते उभ्यानं पितात, तोही खिडकी ते कपाट अशा फेऱ्या मारत. वह्या तपासताना एक गुडघा टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चालू असतो. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझं लग्न माणसाशी लावलं होतं रे, लंबकाशी नव्हतं."

गणितापुढे मात्र हा माणूस थांबायचा, आणि वर्गालाही थांबवायचा. आकडे म्हणजे फुकटचा माल नव्हे, दिसला की उचलायला, असं त्यांचं म्हणणं. आधी उदाहरण दोनदा वाचायचं. काय दिलंय, काय विचारलंय, ते आपल्या शब्दांत सांगायचं. मग आकृती. मग उत्तर साधारण केवढं येईल, ते पेन्सिलीनं समासात लिहायचं. एवढं झाल्यावर आकड्यांना हात. एकदा माझ्या उत्तरात बापाचं वय सहा आणि मुलाचं बत्तीस आलं होतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि शांतपणे विचारलं, की या बाबांना कुठल्या बालवाडीत घातलंय. त्या दिवसापासून मी समासात अंदाज लिहितो.

पद्धत झकास, पण तिला वेळ लागायचा. दोन वर्षं नववी अ, म्हणजे सरांचा वर्ग, पेपर पुरा करत नव्हता. माझी नववी ब मात्र सूत्र, किंमत, उत्तर असा धडाका लावून वेळेआधीच बाहेर पडायची. या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सरांना सरळ सांगितलं की सहामाहीलाही तसंच झालं तर अ तुकडी माझ्याकडे जाईल आणि सरांनी पाचवी घ्यायची. सर वरवर म्हणाले की पाचवीला काय गणित नसतं? पण त्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत लांबल्या. नववी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मला तर त्यांच्या नजरेला नजर देणं जड जायचं. गुरूच्या ताटातलं ओढून घेतोय असं वाटत होतं.

पेपर काढायची पाळी माझी होती.

पेपरच्या दिवशी अ तुकडीवर देखरेखीलाही मीच. पहिला पाऊण तास पोरं छान चालली होती. मग एकेक पोर अडकायला लागलं. पहिल्या बाकावरची चष्मेवाली पट्टीनं रेघ ओढी, कंपासनं दोन कंस काढी, डोळे बारीक करी आणि खोडी. पुन्हा तेच. मागचा कंपासचा स्क्रू आवळत होता. एकानं शेजाऱ्याची पट्टी मागितली, जणू त्याच्या पट्टीवरचे सेंटिमीटर वेगळे असणार. वर्गभर खोडरबराचा कीस. दाराबाहेर सरांची सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे. नियमानं त्यांना आत येता येत नव्हतं आणि मला काही कळत नव्हतं. घंटा झाली तेव्हा निम्म्याहून जास्त पोरांची शेवटची दोन उदाहरणं कोरी होती.

शिक्षकांच्या खोलीत सरांनी माझ्या हातून प्रश्नपत्रिका घेतली. चालत चालत वाचली आणि मध्येच थांबले. दोन गुणांचं उदाहरण होतं: त्रिकोणी बागेच्या बाजू बारा, सात आणि चार मीटर, तारेचे तीन पदर घालायचे तर तार किती? बेरीज तेवीस, त्रिक एकोणसत्तर. ब तुकडीनं ते अर्ध्या मिनिटात सोडवलं होतं. मी काढलंही तेवढ्याच वेळात होतं.

"सात आणि चार किती?" सरांनी विचारलं.

"अकरा," मी म्हणालो, आणि माझे कान तापले.

"मग ते बाराच्या दोन्ही टोकांवरून एकमेकांना भेटणार कसे?"

असा त्रिकोण नसतोच. पण थोडक्यात हुकतो, म्हणून पोरांना वाटलं आपलाच हात चुकतोय. सर खुर्चीत बसले. गुडघासुद्धा हलेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांना घेऊनच मोठ्या बाईंकडे गेलो आणि चूक माझी, असं सांगून टाकलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या की तो प्रश्न रद्द करू, अ तुकडीला वाढीव गुण देऊ आणि सरांच्या वर्गाचा विषय इथंच मिटवू. मला हायसं वाटलं. सर मात्र मान हलवत होते.

"गुण नकोत, बाई. उदाहरण चुकलं ते याचं. पण दोन गुणांपायी पोरं पाऊण तास अडून बसली, ते माझं. धरायचं कसं ते मी शिकवलं. सोडायचं कसं ते शिकवलंच नाही."

"तुम्हाला तरी येतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "शिकतो."

बाईंनी त्यांना वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ दिला. तोवर नववी त्यांचीच. आठवड्यातून दोन तास मीही त्या वर्गात बसायचं, हातात घंटी घेऊन. चार मिनिटं झाली की वाजवायची. उदाहरण कुठंही असो, कडेला फुली मारून पुढं जायचं आणि शेवटी वेळ उरला तर फुलीकडे परतायचं. नियम फळ्यालाही लागू.

पहिल्या दिवशी मी घंटी वाजवली. पोरांनी फुल्या मारल्या. सरांचा खडू अर्ध्या रेघेवर थांबला होता. ना पुढं सरके, ना मागं. वर्ग वाट बघत होता. शेवटी पहिल्या बाकावरची चष्मेवाली हळूच म्हणाली, "सर, फुली."

सरांनी फुली मारली. दात उपटल्यासारखं तोंड करून पुढचं उदाहरण वाचायला घेतलं, दोनदा, नेहमीसारखं.

मधल्या सुट्टीत मी घंटी न्यायला परत गेलो. वर्ग रिकामा होता. सर फळ्यापाशी उभे राहून ती रेघ पुरी करत होते. मला बघून म्हणाले, "वेळ उरला होता."